नांदेडकरांचे थांबे

आमच्या ग्रुपवर कोणी नवा माणूस आला, की दोन-तीन आठवड्यांत अॅडमिन त्याला नांदेडकरांचं एक रेकॉर्डिंग पाठवतात आणि खाली लिहितात, ‘कुठे थांबायचं हे यांच्याकडून शिका.’ नवा माणूस ऐकतो, भारावतो, हात जोडल्याची चित्रं टाकतो आणि माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. नांदेडकर का थांबत होते, हे ते गेल्यानंतर मी याच ग्रुपवर सविस्तर लिहिलं होतं. सगळ्यांनी वाचलं. सगळ्यांना वाईट वाटलं, आणि ते खरंच वाटलं होतं, महिनाभर कोणी सॅक्सोफोनला तोंड लावलं नाही. मग हळूहळू पुन्हा सुरू झालं. ‘कुठे थांबायचं हे यांच्याकडून शिका.’

मी ग्रुप सोडत नाही. लातूरमध्ये जॅझ ऐकणारा दुसरा माणूस मला आजपर्यंत भेटलेला नाही, एवढं कारण पुरेसं आहे.

ग्रुप तसा लहान. सॅक्सोफोन वाजवणारी, किंवा वाजवायची हौस असलेली, मराठी बोलणारी माणसं. एकमेकांना नावाने न बोलावता गावाने बोलवायची पद्धत कोणी पाडली कोण जाणे, पण ती पडली. मी लातूरकर. गोव्याचे एक होते ते पणजीकर. त्यांचे वडील हॉटेलांतून वाजवायचे, त्यामुळे त्यांचा शब्द शेवटचा. अॅडमिन मात्र अॅडमिनच, कारण पुणेकर म्हटलं की ते चिडायचे. दिवसभर काही ना काही चालू असायचं. कोणत्या रेकॉर्डिंगमधला कोणता सूर खरा आणि कोणता घसरलेला, माउथपीस दातांनी किती धरायचा आणि ओठांनी किती, यावर हमरीतुमरी व्हायची. रीड, म्हणजे फुंकताना जी वेताची पट्टी थरथरते ती, वाजवण्याआधी किती वेळ भिजवायची यावर सकाळी सुरू झालेला वाद दुपारी साबुदाणा किती भिजवायचा यावर आलेला मी पाहिला आहे. कोणाच्या मुलाला मार्क कमी पडले, कोणाच्या आईला डायलिसिस लागलं, तेही तिथेच कळायचं. पण सगळे एकमेकांना फक्त ऐकलेले होते, पाहिलेलं कोणी कोणाला नव्हतं.

नियम दोन. महिन्याच्या सुरुवातीला अॅडमिन एक संथ चाल ठरवणार आणि दर रविवारी ज्याने त्याने ती मोबाइलवर वाजवून टाकायची. एकदाच वाजवायची, कापाकापी करायची नाही. आणि दुसऱ्याचं ऐकून नुसतं ‘वा’ लिहायचं नाही. कुठल्या जागी काय झालं, ते नेमकं लिहायचं. हा दुसरा नियम मला फार आवडायचा. मी फिजिक्स शिकवतो त्या क्लासमध्ये पोरांना हेच सांगत आलोय, उत्तर बरोबर आलं म्हणून खूश होऊ नका, कुठल्या पायरीवर काय केलं ते दाखवा.

माझं सांगायचं तर मी सिव्हिलचा डिप्लोमा झालेला माणूस. भूकंपानंतर किल्लारीकडे नवी गावं बांधायचं काम निघालं, तेव्हा शिरूर अनंतपाळहून जीपने साइटवर जायचो. तिथे एक परदेशी इंजिनिअर होता. घराच्या कोपऱ्यात सळई कशी वाकवायची हे तो आम्हाला हातवारे करून शिकवायचा. परत जाताना त्याने माझ्या हातात एक पिशवी दिली. आत सात-आठ कॅसेटी होत्या आणि एकीवरही काही लिहिलेलं नव्हतं. मी त्यांना माझीच नावं ठेवली. एक खोकल्याची कॅसेट, कारण चाल ऐन भरात असताना ऐकायला बसलेल्यांपैकी कोणीतरी दणकून खोकतं. एक ग्लासांची, कारण तिच्यात मागे ग्लास किणकिणतात. त्यांत वाजायचा तो सॅक्सोफोन, लग्नात बँडवाल्यांच्या गळ्यात असतो तोच वाकडा पितळी बाजा, हे मला पुढे दोन वर्षांनी कळलं. त्या दिवसांत आमच्या भागात गाणं कोणी लावत नव्हतं. मी साइटवरच्या पत्र्याच्या खोलीत आवाज बारीक करून या कॅसेटी ऐकायचो. त्या संगीतात मला कोणी धीर देत नव्हतं, म्हणून ते मला सहन व्हायचं. धीर देणाऱ्यांचा तोवर मला वीट आला होता.

मग लातूरमध्ये क्लासचं पेव फुटलं. माझं फिजिक्स बरं होतं. बांधकाम सुटलं आणि मी फळ्यासमोर उभा राहिलो तो आजतागायत. पैसा आला, घर झालं, सॅक्सोफोन घेतला, आणि मग लक्षात आलं की या शहरात तो वाजवायला जागाच नाही. माझ्या घरावरचे दोन मजले पोरांना कॉट बेसिसवर दिलेले. डावीकडचं घर तसंच, उजवीकडचंही. परीक्षा जवळ आल्या की आमच्या गल्लीत बायका मिक्सर लावायच्या आधी वरच्या पोरांना विचारतात. शेवटी मेहुण्याच्या डाळीच्या गोदामात सोय झाली. मार्केटच्या सुट्टीच्या दिवशी पोत्यांच्या थप्प्यांमध्ये उभा राहून मी वाजवायचो. पोती आवाज पिऊन टाकायची. तुरीच्या फोलाने नाक भरायचं ते वेगळं.

आता नांदेडकर. ते माझ्याहून वयाने मोठे, पाटबंधाऱ्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. भूकंपाच्या वेळी त्यांनाही पंचनाम्याच्या ड्यूटीवर किल्लारीकडे पाठवलं होतं. त्यांचा सॅक्सोफोन तिकडचाच. एका बँडवाल्याने गणपती विसर्जनाच्या मिरवणुकीत संध्याकाळी एका गावात वाजवलं आणि तो आपल्या गावी परतला. पहाटे ते गाव राहिलं नाही. त्याने पुन्हा बाजा उचलला नाही. काही महिन्यांनी नांदेडकरांनी तो विकत घेतला आणि ‘शिकवशील तरच घेतो’ अशी अट घातली. त्या माणसाने स्वतः न वाजवता, नुसतं ऐकून, चुकलं की मान हलवून त्यांना शिकवलं. त्यामुळे नांदेडकरांचं वाजवणं बँडचं होतं. बँडला रस्त्यावर, ट्रॅक्टर आणि फटाक्यांच्या वर ऐकू जायचं असतं. छाती भरून हवा घ्यायची आणि अख्खी ओळ एका दमात सरळ फेकून द्यायची. सूर चोख, आवाज भरदार, आणि मन कुठेच गुंतत नाही.

चार वर्षं ते दर रविवारी न चुकता टाकत राहिले आणि चार वर्षं ग्रुप त्यांच्याशी सभ्यपणे वागला. ‘पट्टी अचूक.’ ‘शेवटचा सूर स्थिर.’ नेमकं लिहायचा नियम असल्यामुळे लोकांना काहीतरी शोधून काढावं लागायचं. मीही असंच काहीबाही लिहायचो. ते मात्र सगळ्यांचं ऐकायचे आणि चार-चार ओळी लिहायचे, त्यांच्या बोलीत. एकदा माझ्या रेकॉर्डिंगखाली त्यांनी लिहिलं होतं, ‘लातूरकर, दुसऱ्या ओळीत तुमी लई घाबरून वाजवलं. वर पोरं झोपलेत का?’ गोदामात वर कोणी नव्हतं. पण ते बरोबर होतं.

मग एका रविवारी नांदेडकर ओळीच्या मधेच थांबले.

चढत जाणाऱ्या ओळीत, जिथे शहाणा माणूस कधी श्वास तोडणार नाही तिथे, सूर सोडला. काही क्षण काहीच नाही. मागे नुसती एक बारीक घरघर. आणि मग उरलेले तीन सूर, अगदी हलके, पडलेली वस्तू वाकून उचलावी तसे. मी गोदामात पोत्यावर बसून ऐकत होतो. अंगावर काटा आला हे मी कबूल करतो. मी ते पुन्हा ऐकलं, आणि मला खोकल्याची कॅसेट पहिल्यांदा ऐकली तो दिवस आठवला.

ग्रुप पेटला. अॅडमिननी त्या एका थांब्यावर मोबाइलचा अख्खा पडदा भरेल एवढं लिहिलं. आपण सगळे सूर मोजतो, नांदेडकर शांतता मोजतात, असं काहीतरी. पणजीकर एरवी चार शब्दांच्या वर जात नसत. त्यांनी लिहिलं, ‘माझे वडील हे शिकवायचे. मला जमलं नाही. तुम्हाला कसं जमलं?’ नांदेडकरांनी उत्तर दिलं, ‘जमलं आपोआप.’

पुढच्या रविवारी थांबे दोन झाले, त्याच्या पुढच्या रविवारी कितीतरी. जिथे कोणाला अपेक्षा नाही तिथेच. लांबलचक ओळीतून ते आता मोजकेच सूर वाजवायचे, आणि राहिलेले ऐकणाऱ्याला आपोआप ऐकू यायचे. लोक नक्कल करू लागले. मीही केली. माझे थांबे ऐकून वाटायचं, माणूस पुढची ओळ विसरला. मागच्या त्या घरघरीवरही वाद झाला. कोणी म्हणालं फ्रिज आहे. कोणी म्हणालं, मुद्दाम तंबोऱ्यासारखा काही आधार ठेवला असणार. शेवटी अॅडमिननी आदराने सुचवलं, ‘तो मागचा आवाज बंद करता आला तर पाहा. तुमची शांतता आणखी खुलेल.’ नांदेडकरांनी लिहिलं, ‘बघतो.’ आणि त्या रविवारपासून घरघर गेली. खरंच जास्त खुललं. सगळ्यांनी तसं लिहिलं.

त्याच सुमारास आमच्या क्लासने नांदेडला शाखा काढली आणि मला पंधरा दिवसांतून एकदा तिकडे शिकवायला जाणं आलं. मी नांदेडकरांना कळवलं, भेटू या. त्यांनी टाळलं. पाहुणे आहेत, मग घरी रंगकाम चालू आहे. मी हट्टी माणूस आहे. एकदा लेक्चर लवकर संपलं, तर ग्रुपवर त्यांनी कधीतरी सांगितलेल्या खुणांवरून, शाळेमागची गल्ली, दारात कण्हेर, मी घर शोधून काढलं आणि फाटकाची कडी वाजवली.

घराचं दार फाटकापासून पंधरा-वीस पावलांवर होतं. ते दारात आले, मला पाहिलं, ओळख सांगितल्यावर हसले आणि चालू लागले. चार पावलं टाकली आणि थांबले. एका हाताने भिंत धरली. तोंड उघडं. मग पुन्हा तीन पावलं, अगदी हलकी. पुन्हा थांबले. मी फाटकाच्या बाहेर उभा होतो आणि मला ती चाल ओळखू येत होती. गेले तीन महिने दर रविवारी मी हीच ऐकत होतो. मला वाटलं, मागे फिरावं आणि सरळ लातूरची बस पकडावी.

“या, लातूरकर,” फाटकापाशी पोचल्यावर ते म्हणाले. “तुमी आलावच का शेवटी.”

आत खाटेशेजारी ऑक्सिजनचं मशीन होतं. घरघर करणारं. वहिनींनी त्याची नळी त्यांच्या नाकाला लावली, मला खुर्ची दिली आणि त्या चहा ठेवायला गेल्या. मी त्या मशीनकडे पाहत होतो हे नांदेडकरांनी पाहिलं.

“तोच हाय तो तुमचा तंबोरा,” ते म्हणाले, आणि त्यांना हसू आलं, आणि हसण्याने खोकला आला, आणि तो बराच वेळ थांबेना.

फुप्फुसं कडक होत चालली होती. ओला स्पंज वाळला की कसा दाबला जात नाही, तसं, असं हैदराबादच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं. औषध नाही. का होतं, तेही सांगता येत नाही. नांदेडकरांचं मत पक्कं होतं: पंचनाम्याच्या ड्यूटीवर दगड-मातीच्या पडक्या घरांमधून फिरताना पांढऱ्या मातीचा जो धुराळा छातीत गेला, तो तेव्हापासून आत बसलेला आहे. मी म्हटलं, त्या मातीत मीही होतो. ते म्हणाले, “मग तुमी नशीबवान. न्हाईतर अजून यायचंय तुमचं.” मला राग आला आणि भीतीही वाटली. त्यांनी ते चेष्टेत म्हटलं की खरंच, हे विचारायचं धाडस झालं नाही.

“ग्रुपवर सांगू नका,” ते म्हणाले. “शब्द द्या.”

“का नको? लोकांना कळलं तर—”

“कळलं तर काय व्हईल? लोक म्हणतेल, काळजी घ्या, आराम करा. गेट वेल सूनचे फुलं टाकतेल. आत्ता लोक माझं ऐकून राहिले, लातूरकर. चार वर्षं कोणी ऐकलं न्हाई. आत्ता ऐकून राहिले.”

मी शब्द दिला. अशा वेळी माणूस दुसरं काय करतो.

वहिनी मला सोडायला फाटकापर्यंत आल्या. तोवर त्या फारसं काही बोलल्या नव्हत्या. कण्हेरीपाशी थांबून त्यांनी मागे पाहिलं, दार लोटलेलं आहे याची खात्री केली, आणि माझ्यावर अशा उसळल्या की मी दोन पावलं मागे सरलो.

“भाऊजी, तुमच्यातल्या कोणत्या शहाण्यानं लिव्हलं आवाज बंद करा म्हणून? तवापासून हे मशीन बंद करून वाजवतेत. नळी काढून ठिवतेत. वाजवून झालं की ओठ निळे पडतेत ह्यांचे. मग मी पळत येऊन मशीन चालू करते. मला म्हणतेत, आधी रेकॉर्डिंग बंद कर, मग मशीन.” त्यांनी पदराने तोंड पुसलं. “कसली कला म्हणावं ही तुमची? तुमी त्यांना सांगा. तुमचं ऐकतेत ते.”

परतीच्या बसमध्ये लोहा गाव येईपर्यंत मला काही सुचेना. एका माणसाचा ऑक्सिजन आम्ही काढून घेतला होता, त्याची शांतता खुलावी म्हणून. कोणी दुष्ट नव्हतं. सगळे चांगलं ऐकणारे, कान तयार असलेले, नेमकं लिहिणारे लोक होते. साध्या कानाच्या माणसाला पहिल्याच रविवारी कळलं असतं की याला धाप लागली आहे. शेजारची एखादी म्हातारी म्हणाली असती, अगं बाई, दम लागला वाटतं. आमच्यापैकी एकाच्याही मनात ते आलं नाही.

शब्द मोडायचा नव्हता आणि मशीन तर चालू व्हायला हवं होतं. मी माझ्या अक्कलहुशारीने मधला मार्ग काढला. ग्रुपवर लिहिलं की नांदेडकरांच्या मागचा तो आवाज मला फार आवडायचा, तो परत आणावा. नियमाप्रमाणे नेमकं लिहिलं: त्या आवाजामुळे खोली कळते, वाजवणारा माणूस कुठेतरी बसला आहे हे कळतं, नाहीतर सूर हवेत लटकतात. माझ्या खोकल्याच्या कॅसेटचा दाखला दिला. त्यातला तो खोकला काढला तर मी ती कॅसेट ओळखणार नाही, असं लिहिलं.

त्यावर तीन दिवस चर्चा झाली. इतकी उत्तम चर्चा त्या ग्रुपवर मी आधी वाचली नव्हती, नंतरही नाही. हॉटेलांत वाजवताना ग्लासांचे, खुर्च्यांचे आवाज, स्टुडिओतल्या काचेच्या खोलीतली मेलेली शांतता, जुन्या तबकड्यांवरची खरखर, सगळं निघालं. पणजीकरांनी वडिलांच्या आठवणी सांगितल्या. आणि शेवटी बहुमताने ठरलं, की लातूरकरांचा मुद्दा इतरांच्या बाबतीत बरोबर असला तरी नांदेडकरांच्या बाबतीत शांतता शुद्धच हवी. अॅडमिननी समारोप केला, ‘अंतिम निर्णय अर्थातच कलाकाराचा.’

कलाकाराने मला वेगळा निरोप पाठवला. ‘लातूरकर, तुमचा डाव कळला. शब्द दिलाय तुमी.’

मी मोबाइल एका उघड्या पोत्यावर आपटला. तो फुटला नाही, डाळीत रुतला.

त्यानंतरचे तीन रविवार मला काढवत नव्हते. दुपारी रेकॉर्डिंग यायचं. मी ऐकायचो तेव्हा चालीकडे लक्ष नसायचं. थांबा आला की मी खोलीतली माणसं मोजायचो: ते खाटेवर, वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, हात बटणावर ठेवायला तयार. सूर पुन्हा लागला की माझा जीव भांड्यात पडायचा. खाली लोक लिहायचे, इथे काय धाडस आहे, इथे काय संयम आहे. मी काहीच लिहीत नव्हतो. लातूरकर हल्ली गप्प का, असं अॅडमिननी विचारलं, तर परीक्षा जवळ आल्यात असं सांगितलं. तेही खोटं नव्हतं. वरच्या मजल्यावरचा एक मुलगा रोज पहाटे मोठ्याने सूत्रं म्हणायचा आणि मला जिन्यात भेटला की ध्वनीच्या धड्यातलं काही विचारायचा. मी त्याला सांगायचो, ध्वनीला माध्यम लागतं, निर्वात पोकळीत काहीच ऐकू येत नाही.  

चौथ्या रविवारी रेकॉर्डिंग आलं नाही. सोमवारी वहिनींचा फोन आला. “ते तुमाला बलावून राहिले. सवड असल तर या.”

मी क्लास रद्द केला आणि गेलो. ते आता खाटेवरून उठत नव्हते. पाठीमागे तीन उशा. मशीन चालू होतं आणि नळी नाकाला होती. सॅक्सोफोन पांघरुणावर आडवा ठेवलेला, एक हात त्याच्यावर. वहिनींनी मला बसायला सांगितलं आणि त्या पाणी आणायला आत गेल्या.

बोलताना आता त्यांना दर तीन-चार शब्दांनी थांबावं लागत होतं. मी इथे ते थांबे लिहीत नाही. ग्रुपवर त्यांचं पुष्कळ कौतुक झालं आहे.

“एक इचारायचंय,” ते म्हणाले. “दुसऱ्या कोणाला इचारता येत न्हाई. त्या लोकायला म्हाईत न्हाई, अन् हिला ह्यातलं कळत न्हाई. तुमाला दोन्ही म्हाईत हाय.”

मी म्हटलं, विचारा.

“आधीचं माझं. दम होता तवाचं. चार वर्षं वाजवलं. ते कसं होतं? खरं सांगा. मला आता खोटं ऐकायला येळ न्हाई.”

माझ्या मनात आलं, या माणसाला शेवटी एक चांगलं वाक्य द्यायला काय जातं? चांगलं होतं नांदेडकर, लोकांना कान नव्हते. सांगून टाकावं आणि चहा पिऊन निघावं. पण ते माझ्याकडे बघत होते, आणि हे माझ्या दुसऱ्या ओळीतली भीती ओळखणारे गृहस्थ होते.

“साधं होतं,” मी म्हटलं. “चूक काही नव्हती. पण मी दुसऱ्यांदा ऐकायचो नाही.”

त्यांनी मान हलवली. ‘ठीक’ अशी.

“अन् आत्ताचं? ते लोक येडे म्हणून वाखाणून राहिले, का खरंच काई हाय त्याच्यात?”

“लोक येडेच आहेत,” मी म्हणालो. “थांबे कशामुळे आहेत, ते त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. मी ते थांबे घाबरत ऐकतो. तरीही सांगतो, आत्ताचं चांगलं आहे. खरोखर चांगलं आहे. मला आयुष्यात असं वाजवता येणार नाही.”

हे मी मनापासून बोललो. आजही मला दुसरं काही म्हणता येत नाही, आणि अॅडमिन ते रेकॉर्डिंग पाठवतात तेव्हा माझा जो संताप होतो त्यातला निम्मा याच्यामुळे होतो.

नांदेडकरांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी कोणाच्या चेहऱ्यावर पाहिलेलं नाही. आमच्या क्लासमध्ये निकालाच्या दिवशी पोरं पेढे वाटतात, नाचतात, रडतात; त्यांच्यातल्या एकालाही इतका आनंद झालेला मला आठवत नाही. ते बाजावरून हात फिरवत राहिले. मग म्हणाले,

“मग हे दुखणं मला धा वर्षं आधी व्हायला पायजे होतं.”

मागे भांड्याचा आवाज झाला. वहिनी दारात होत्या. तांब्या-पेल्याचा ट्रे त्यांनी खाली ठेवला होता, किंवा तो निसटला होता. पाणी फरशीवर पसरत माझ्या पायापर्यंत आलं. त्या कधीपासून उभ्या होत्या कोणास ठाऊक.

“धा वर्षं आधी,” त्या म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “अन् म्या? म्या काय करायचं होतं ह्या धा वर्षांत?”

नांदेडकरांनी त्यांच्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. काहीच आलं नाही.

मी वाट पाहिली. त्यांचा एकेक थांबा मी किती वेळा ऐकला होता, कुठला सूर येणार म्हणून थांबलेत आणि कुठला सोडून देणार म्हणून, सगळं मला पाठ होतं. पण या वेळी त्यांना दम पुरला नाही की उत्तर नव्हतं, हे मला कळलं नाही. वहिनींनाही कळलं नसावं. त्यांनी आतून फडकं आणलं, खाली बसून फरशी पुसली आणि मला पाय वर घ्यायला सांगितलं.